मावशीचं तोंड उजवीकडं

सांगलीत आमचं हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो, पडद्यावर एकमेकांचे फोटो बघतो, चहा पितो आणि घरी जाताना एकमेकांना नावं ठेवतो. मी हळदीच्या अडत दुकानात नोकरीला. आठवडाभर पिवळ्या धुळीत शिंकायचं आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचं, एवढीच माझी कला. तर या मंडळात साताऱ्याहून एक सर मार्गदर्शनाला येऊ लागले, आणि तेव्हापासून आमच्याकडं काही सुलट राहिलं नाही.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पुण्यात कसलीतरी कार्यशाळा करून आलेले. अंगात कायम ते सतरा खिशांचं जाकीट. त्यातल्या एकाही खिशातून लवंगेच्या डबीखेरीज काही बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्याजवळ मंत्र एकच होता. आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, म्हणून फोटोतही आपली नजर डावीकडून शिरते. डावीकडून उजवीकडं चाललेला माणूस पुढं निघालेला वाटतो, उजवीकडून डावीकडं येणारा माघारी फिरलेला. चढाचा रस्ता उलटा केला की उतार होतो. झालं, संपलं ज्ञान. पडद्यावर कुणाचाही फोटो आला की सर मान तिरकी करून बघायचे आणि लॅपटॉपवाल्याला म्हणायचे, "फ्लिप करा." बटण दाबलं की आरशात दिसावा तसा फोटो डावा-उजवा व्हायचा आणि हॉलमधून आवाज यायचा, "वा!"

यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. तोच फोटो उलटा केला की मन वेगळं होतं, हे मीही करून बघितलंय. पण एखाद्याला अर्धी गोष्ट कळली की तो उरलेली अर्धी ऐकूनच घेत नाही. एकानं कृष्णेच्या घाटाचा फोटो आणला होता. सरांनी तो उलटवला. देऊळ पलीकडच्या काठाला गेलं, नदी आली तिकडंच परत निघाली, आणि जन्मभर त्याच घाटावर बसून भेळ खाल्लेली माणसं टाळ्या वाजवत होती. पुढच्या वेळी एका लोचट सभासदानं सरांना खूश करायला अजिंक्यताऱ्याचा फोटो घरूनच उलटवून आणला. सर म्हणाले, "उत्तम! कुठला हो हा डोंगर?" सरांचं घर त्या डोंगराच्या पायथ्याशी आहे.

मंडळात माझा एक मित्र आहे, त्याचं गाद्यांचं दुकान. तो लहानपणी उर्दू शाळेत शिकलेला. त्यानं एकदा हात वर करून विचारलं, "सर, आम्ही उजवीकडून डावीकडं वाचतो. मग आमच्या हिशेबानं हा माणूस पुढंच निघालाय की!"

सर हसले. असं हसले की बिचाऱ्यानं हात खाली घेतला. "कलेचे नियम वैश्विक असतात," ते म्हणाले.

माझी मावशी जत तालुक्यात राहते, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. उन्हाळ्यात त्या गावाला टँकरचंच पाणी. मी एकदा गेलो असताना टँकर आला, आणि सगळ्यांच्या घागरी भरायच्या आत रिकामा झाला. बायका भांडल्या, ड्रायव्हरला शिव्या दिल्या आणि पांगल्या. मावशी माझ्याकडंच येत होती. मोकळी घागर काठाला धरून हातात लोंबकळत होती, पदर डोक्यावरून घसरलेला, मागं उजव्या बाजूला टँकर. ती उजवीकडून डावीकडं येत होती आणि मी बटण दाबलं. चेहरा असा आला की घरी आल्यावर मी तो फोटो कितीतरी वेळ उघडून बसलो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडं नव्हतं, नुसता शीण होता. माझ्या हातून एवढा चांगला फोटो आधी कधी निघाला नव्हता.

रविवारी तो पडद्यावर लागला. सरांची मान तिरकी झाली.

"फ्लिप करा."

मावशी फिरली. आता ती डावीकडून उजवीकडं निघाली होती. टँकरवरची अक्षरं उलटी झाली.

"टँकर विचलित करतोय. कापा."

टँकर गेला.

"आता बघा! आशा! घागर घेऊन निघालीय पाण्याला. पावलात कसा उत्साह आहे!"

मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, ती निघालेली नाही. परत आलीय. पाणी मिळालं नाही तिला."

"ते तुम्हाला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत?"

"ती माझी मावशी आहे, सर."

"मग तर तुम्ही फारच गुंतलेले आहात," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचा फोटो मागवला.

वार्षिक प्रदर्शनात तोच उलटा, कापलेला फोटो लागला. खाली पाटी, 'आशा'. तो लावू नका असं मी मंडळाच्या चिटणिसाला बजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, सरांची निवड आहे, आम्ही कसं नाही म्हणणार? फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. मी घ्यायला गेलो नाही, तर सरांनीच स्टेजवर ते 'माझ्या वतीनं' स्वीकारलं आणि मी बोललो असतो त्यापेक्षा जास्त वेळ बोलले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मंडळातल्या एकाचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. पुढं एकदा मी मोटरसायकलवरून मावशीकडं निघालो होतो. कवठे महांकाळ मागं टाकलं, आणि एका फाट्यावर मला मावशी दिसली, दीड पुरुष उंच. उजव्या अंगाला तिथल्या एका पुढाऱ्याचा हात जोडलेला भलामोठा चेहरा, आणि माझी मावशी घागर घेऊन उत्साहानं त्याच्याकडं निघालेली. वर लिहिलेलं, 'आता पाणी दारात!' मूळ फोटोत ती त्याच्याकडं पाठ करून निघून गेली असती. पण उलट्या फोटोचा हाच तर उपयोग. माणूस ज्याच्यापासून दूर चाललाय, त्याच्याच पायाशी त्याला आणून सोडता येतं.

उरलेला रस्ता मी मनातल्या मनात भांडत गेलो. मावशीला सांगायचं, काकांना सांगायचं, फोटो उतरवायला लावायचा, सगळं ठरवलं. दारात गाडी लावली तर मावशी हसतच बाहेर आली.

"बघितलास का रं फाट्यावर? लय झ्याक आलोय की मी!"

मी बसलो. पाणी प्यायलो. मग मोबाइलवर मूळ फोटो काढला आणि तिच्यापुढं धरला. "मावशी, मी काढलेला खरा फोटो हा आहे. त्यांनी तो उलटा केलाय."

तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "ही कोण? ही मी न्हवं. तोंड कसं वाकडं दिसतंय हिचं."

"अगं, तूच आहेस."

"न्हाई बाबा." ती आत गेली आणि खिडकीतला छोटा आरसा घेऊन आली. त्यात स्वतःकडं बघितलं, मग माझ्या मोबाइलकडं. "माजा तीळ ह्या अंगाला हाय. तुज्या फोटूत त्यो तिकडं गेलाय. त्या फलकावर बराब्बर हाय."

जन्मभर तिनं स्वतःचं तोंड बघितलं ते आरशात. तिच्या ओळखीची मावशी उलटीच होती. मी, सगळं गाव, काका, आम्हाला जी दिसते ती बाई तिनं कधी पाहिलेलीच नव्हती. ज्या मूर्खपणावर मी वर्षभर दात खात होतो, त्यानंच तिला तिचा आवडता चेहरा दिला होता. आणि हे सरांना कळलं असतं तर त्यांनी त्याचाही नियम केला असता.

तरी मी हट्ट सोडला नाही. "पण त्या दिवशी तुला पाणी मिळालं नव्हतं ना? ते म्हणतात तू पाणी आणायला आनंदानं निघालीयस!"

"न्हवतं मिळालं. मग? त्ये मला म्हाईत हाय की. फोटूत आनि कशाला बघू?"

"आणि त्या पुढाऱ्याचं काय?"

"त्येचं काय? त्यो काय पानी देतोय व्हय?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला उठली.

जेवताना मी काकांपुढं विषय काढला. ते म्हणाले, फलक काय, तिथं उघड्यावर दोन पावसाळे टिकत न्हाई. त्यांना फोटोपेक्षा कापडाची चिंता होती. आणि खरंच, निवडणूक उरकल्यावर काका मोटरसायकलवर गेले आणि तो फलक गुंडाळून घरी घेऊन आले.

दिवाळीनंतर मी गेलो तर मावशीनं कात्रीनं स्वतःची बाजू कापून घेऊन सोप्यातल्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली होती. दारातून आत पाऊल टाकलं की समोर तीच, उजवीकडं निघालेली, उत्साहानं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं सांगते, "ह्यो आमच्या पोरानं काढलाय." मी पाठ भिंतीला लावून त्या फोटोखालीच बसतो, म्हणजे तो दिसत नाही. पुढाऱ्याचा तुकडा शेळ्यांच्या छपरावर घातलाय, रंगाची बाजू खाली करून. हात जोडून तो दिवसभर शेळ्यांकडं बघत असतो.