समासातली दुरुस्ती

१९८७ च्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या आमच्या संगणक वर्गातून खेळांची वही नाहीशी झाली. ती कुहीहून दर रविवारी येणाऱ्या एका गुरुजींची होती. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. त्यांच्याकडे संगणक नव्हता. घरी ते चौकटीच्या वहीत खेळाचे प्रोग्रॅम लिहायचे, रविवारी आमच्या यंत्रावर चालवून बघायचे आणि वही टेबलावर ठेवून जायचे. कोणीही उतरवून घ्यावे. चूक सापडली तर समासात दुरुस्ती लिहावी, एवढीच अट.

"सापाचा खेळ घे गा," ते मला म्हणाले होते. "मजा येते. फक्त साप डावीकडे वळत नाही. मले तं चूक सापडूनच नाही राहिली."

वहीची दुसरी प्रत नव्हती. वर्षभराचे काम गेले होते.

"कुलपात ठेवायची होती, गुरुजी," मी म्हणालो.

"कुलपात ठेवली तं चूक कोण सांगन?" ते म्हणाले, आणि कोऱ्या वहीत आठवेल तसा पहिला खेळ लिहू लागले.

जूनमध्ये जुनी वही टेबलावर परत आली. कोणी ठेवली, ते कळले नाही. सापाच्या खेळासमोर समासात, अनोळखी अक्षरात, हिरव्या शाईने एक ओळ लिहिलेली होती. गुरुजींनी ती टाईप केली. साप डावीकडे वळला.