दत्तूमामाची इर्तिका

आपल्या घराण्याची बढाई मारणाऱ्याला माझा दत्तूमामा कधी अडवायचा नाही. त्याला पूर्ण बोलू द्यायचा, मान डोलवायचा आणि मग अगदी अदबीनं म्हणायचा, "जरा पाठीच्या खालच्या टोकाला हात लावून बघता का? एक हाड लागंल. शेपटीची खुंटी हाय ती. शेपूट गेली, खुंटी राह्यली. खानदान केवढं बी असू द्या, खुंटी कुणाची सुटली न्हाई." समोरचा तावातावानं उठायचा. पण उठता उठता त्याचा हात हमखास मागं जायचा.

मामा पिंपळगाव रेणुकाईचा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. आजोबांनी त्याला तहसीलदार व्हायला हैदराबादेला कॉलेजात धाडलं. तो दोनदा नापास होऊन परत आला, आणि येताना एक शेरवानी व एक कल्पना घेऊन आला. माणूस एकाएकी घडला नाही, लाखो वर्षांत हळूहळू झाला, ही ती कल्पना. तिकडं शिकवणं सगळं उर्दूत, त्यामुळं उत्क्रांतीला तो जन्मभर 'इर्तिका'च म्हणत राहिला. रात्रंदिवस त्याच्या तोंडी इर्तिका. नवी नवरी असलेल्या मामीनं महिनाभर डोळ्यांतून पाणी काढलं आणि मग सासूला विचारलं, "ही हैदराबादची बाई हाय तरी कोण?"

पुढं जालन्याच्या एका शाळेत तो शास्त्र शिकवू लागला. त्या काळी आमच्या मुलखात चार माणसं जमवून सभा घ्यायची तर परवानगी लागे. माकडाचा माणूस व्हायला मात्र लागत नसे, म्हणून मामाची नोकरी टिकली. कुणी चिडून विचारलं, "मास्तर, माकड आमचा बाप का?" तर तो शांतपणे सांगे, "बाप न्हाई, चुलतभाऊ. भाऊबंदकी पडली म्हणून आपण ओळख देत न्हाई."

हे सगळं ऐकायला मजेचं होतं. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यानं तोंड उघडलं, तेव्हा मात्र कुणाला मजा वाटली नाही.

मी तेरा वर्षांची होते. आमचं गाव परतूरजवळ. मला बघायला एक मोठे जमीनदार आले होते. नवरामुलगा तिशीपलीकडचा, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्याच्या वडिलांनी बैठकीत आपलं खानदान उलगडायला घेतलं. माझे वडील, आबा, हात जोडून ऐकत होते. मामाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता. मी माजघराच्या दाराआड आईला बिलगून उभी होते.

"पाव्हणे," मामा म्हणाला, "गोठा मोठा असंल तुमचा. वासरू किती दिवसांत उभं राहतं?"

"दिवस कशाचे? घटकाभरात."

"आन तुमचे हे चिरंजीव?"

"वर्ष लागलं असंल. का बरं?"

"मंग वासरू हुशार म्हणायचं!"

बैठक हसली. मामा हसला नाही.

"माणसाचं लेकरू लई दिवस लेकरू राहतं. कोणतंच जनावर एवढं थांबत न्हाई. त्या थांबण्यातच ते बोलायला शिकतं, इचार करायला शिकतं, माणूस होतं. जनावरापेक्षा आपल्याला जास्तीचं मिळालं ते एवढंच. ही पोर तेराची हाय. कालवड लहान असली तर तुम्ही दोन सालं थांबता. गोठ्यात तुम्हाला सगळं बराबर समजतं, घरात आल्यावर कसं काय इसरता?"

"म्हंजे आम्ही जनावरं?" पाहुण्यांचा आवाज चढला.

"छे! जनावराला मी कशाला नाव ठेवू?"

पाहुणे चहाला हात न लावता निघून गेले. आबा ताडकन उभे राहिले. "दत्तू, ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय टाकायचा न्हाई."

आबांसमोर आई कधी बोललेली मी ऐकली नव्हती. ती बाहेर आली. "मंग पोरीलाबी घेऊन जाऊ द्या त्याला. त्या घरची पहिली सोळाव्या वर्षी गेली. मला माह्यी पोर जिती पाहिजे."

आबांनी पायात वहाणा घातल्या आणि ते शेताकडं निघून गेले. नाही म्हणाले नाहीत, हो तर नाहीच. मला इर्तिका वगैरे काही कळलं नव्हतं. भीती वाटत होती. पण भरल्या बैठकीत कुणीतरी मला लेकरू म्हटलं होतं, ते कानांत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी मामाबरोबर जालन्याच्या गाडीत बसले.

तिथं कळलं की हा इर्तिकावाला स्वतः बराच मागं राहिला आहे. मामा पाटावर बसायचा आणि हाताच्या अंतरावरचा तांब्या मामीनं उचलून द्यायची वाट बघायचा. त्याचं आटोपल्यावर मामी जेवणार. एके दिवशी ती म्हणाली, "जगाची शेपटी तपासून राह्यले हे, आन ह्यांना अजून पाणी घेता येत न्हाई."

"सुधारणा जल्दी होत न्हाई," मामा म्हणाला. "इर्तिकाला लाखो वर्षं लागतात."

मामीनं तांब्या आणखी लांब सरकवला आणि माझ्याशेजारी आपलं ताट वाढून घेतलं. घास घशात अडकल्यावर मामाची इर्तिका एका मिनिटात झाली. तांब्या त्यानं स्वतः उचलला.

मी शिकले आणि जालन्यातच मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. आई येऊन जायची. आबा आले नाहीत. गावात कुणी माझं विचारलं तर ते पावसापाण्याचं बोलत.

मग मामाच्या छातीनं दगा दिला. तो खाटेला खिळला, खोकल्यानं बोलणं तुटू लागलं. एका दुपारी दारात आबा उभे. त्यांचं बोट धरून माझी धाकटी बहीण, चंद्रा.

"दत्तू," आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "ही अकराची झाली. हिलाबी ठेवून घ्या."

आता मामा सोडणार नाही, याची मला खात्री होती. एवढ्या वर्षांनी असा मासला हाती आलेला! मामानं कसेबसे पाय आखडले आणि खाटेवर जागा केली. "बसा दाजी. उन्हाचं आलात, दमला असाल."

मामाच्या तोंडून ऐकलेलं हे बिनटोमण्याचं पहिलंच वाक्य. आबा बसले आणि बराच वेळ त्याचे पाय चेपत राहिले. आठवड्याच्या आत मामा गेला.

दहावा उरकून मी आणि चंद्रा आबांबरोबर आईला भेटायला परतूरला निघालो. गाडीत समोरच्या गृहस्थानं चौकशी केली. एक मुलगी शिक्षिका आहे आणि दुसरी शाळेत जाणार आहे, हे ऐकून त्यानं भुवया उंचावल्या.

आबांनी फेटा सारखा केला. "आमच्या खानदानात पोरी शिकवायची रीत पहिल्यापासून हाय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "न्हाई का गं?"

"हो आबा," मी म्हणाले. "पहिल्यापासून."