आईचा गुडघा आणि रॉक स्लायडर

दुकानदाराने विचारलं, "भाऊ, पाय ठेवाले पायरीवाला पाह्यजे, का बॉडीले चिकटून बसणारा?" चार व्हिडिओ पाहून मी जाणकार झालो होतो. म्हटलं, चिकटून बसणारा. रॉक स्लायडर म्हणजे जीपच्या दरवाज्यांखाली बसवायचा जाड लोखंडी पाइप; दगडांचा मार तो खातो. जुन्या पायऱ्या दगडांनी चेपल्या होत्या, त्या चंद्रपुरातच काढून टाकल्या.

दुसऱ्या सकाळी आईला पोंभुर्ण्यापलीकडे मावशीकडे न्यायचं होतं. मावशी अंथरुणाला खिळलेली, आणि वाटेतल्या नाल्यातून ऑटो जात नाही. आई चांगलं लुगडं नेसून डबा घेऊन आली. पाय उचलला, तर ठेवायला जागाच नाही.

मी स्टूल आणलं, ते डगमगलं. तिचा गुडघा वाकेना. उचलायला गेलो तर म्हणाली, "सोड. लोक पाहून राह्यले." मग ओट्यावर बसली, डबा मांडीवर घेऊन. "मी नाई येत. तिले सांगजो, पुढच्या वेळेस येईन."

मावशीची पुढची वेळ आमच्यापैकी कोणीच धरून चाललं नव्हतं.

"उद्याच पायरी वेल्ड करून घेतो," मी बायकोला म्हणालो.

"वेल्डिंगचं मंग पाहा," ती हळूच म्हणाली. "आधी मावशीले फोन लावा, सकाळपासून वाट पाहून राह्यल्या असतील. आईले ताप आला म्हणा. गाडीचं नका सांगू."