धोंडाबाईचा कोयता आणि गिरणीचा बोकड

पालीची धोंडाबाई माणसाशी आधी हाताने बोलायची, मग तोंडाने. नवरा ज्ञानू अधूनमधून सुजलेला गाल घेऊन कामावर यायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "न्हाई, म्याच पडलो." त्याच्या घरची जमीन अशी चमत्कारिक, की तो नेहमी डाव्याच गालावर पडायचा.

दोघं पाली सोडून भोरला येऊन राहिली ती चिमाजीशेटच्या भाताच्या गिरणीसाठी. एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट, तेव्हा भोर संस्थान होतं. गिरणीत एका भिंतीशी तेलाचं इंजिन, दुसऱ्या भिंतीशी भात सडायचं यंत्र, आणि मधे कमरेच्या उंचीवर चामड्याचा पट्टा सारखा धावत असे. ज्ञानू त्या पट्ट्याला खेटून उभा राहून यंत्रात भात ओतायचा. मधे कठडा नाही, साधी फळीही नाही. शेटची समजूत अशी, की खंडेनवमीला इंजिनापुढे बोकड कापला आणि चालत्या पट्ट्याला रक्ताचं बोट लावलं, म्हणजे यंत्राचा मान पोचला. मग वर्षभर ते माणसाला शिवत नाही. गडीही तेच मानायचे. ज्ञानू सगळ्यांत जास्त, कारण त्या वर्षीचा बोकड त्याच्याच घरचा होता.

पौषात पट्ट्याने ज्ञानूची बाही धरली. बाहीमागून हात गेला. इंजिन थांबेपर्यंत कोपरापासून खाली काही उरलं नव्हतं. हाड मोडल्याचा आवाज बाहेर पाखडणाऱ्या बायकांनी ऐकला. धोंडाबाई त्यांतच होती. ती आत धावली, तेव्हा ज्ञानू पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या राशीवर पडला होता आणि रास लाल होत होती. चिमाजीशेट दारात येऊन पहिलं वाक्य बोलले ते असं, "अरे, चांगला तांदूळ आधी बाजूला काढा."

शेटचं दुसरं वाक्य, ज्ञानूच्या खाटेशी येऊन बोललेलं, त्याहून हुशारीचं. "ज्ञानू, तुझ्या बोकडाचा कान फाटका होता. खोट असलेल्या बोकडाचा मान यंत्रानं घेतला न्हाई. यात माझा काय दोष?"

गड्यांनी माना हलवल्या. आणि खाटेवर पडलेला ज्ञानूही म्हणाला, "व्हय, कान फाटका व्हता खरा."

धोंडाबाईने त्या अवस्थेत त्याच्या थोबाडीत दिली. "तुमचा हात त्या बोकडानं उपटला व्हय?" नवऱ्याला 'तुमी' म्हणायचं ती मारतानासुद्धा चुकली नाही. बाई रीतीची होती.

मग ती गंगाधर वकिलांकडे गेली. हे वकील बोलताना अशिलाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत, त्या दिवशी मात्र तिच्या हातांकडे बघत होते. ते म्हणाले, "बाई, मालकानं चालतं यंत्र झाकायला हवं. गड्याचा अवयव कामावर गेला तर भरपाई मालकाची. बोकडाच्या कानावर ते ढकलता येत नाही. इंग्रजी मुलखात हा कायदा पक्का आहे. आपल्या संस्थानात दावा लावून बघू."

दावा लागला आणि कचेरीत झोपला. घरात खाणारी तोंडं तशीच. दसरा जवळ आला, तेव्हा धोंडाबाईचा धाकटा भाऊ भिमा शेटकडे लागला. जागा तीच, पट्ट्याला खेटून.

"आक्का, काळजी नगं," भिमा म्हणाला. "औंदा बोकड म्या सोता बगितलाय. येक डाग न्हाई."

तिने त्याला मारलं नाही, यावरूनच तिला किती भीती वाटली ते समजा.

खंडेनवमीला गिरणीत सगळे जमले. इंजिन सुरू झालं, पट्टा धावू लागला. धोंडाबाई चार फळ्या डोक्यावर घेऊन आत आली आणि तिने त्या पट्ट्यापुढे आदळल्या.

"शेट, ह्या ठोका. मग कापा तुमचा बोकड."

"फळ्या ठोकल्यावर पट्ट्याला बोट कसं लावायचं गं? मान अडल तेचा."

"मान अडला तर अडू द्या. माज्या भावाचा हात न्हाई अडायचा त्यात."

शेटनी काठी उचलून तिच्या खांद्यावर हाणली. दुसरी कपाळावर बसली आणि रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. तिने शेटच्या मनगटाला दात लावले ते मांस सुटेपर्यंत सोडले नाहीत. शेट बोंबलत मागे सरले. इकडे बोकड पडला. आता मान वेळेवर पोचलाच पाहिजे म्हणून भिमा रक्तात बोट बुडवून पट्ट्याकडे वाकला. त्याची बाही लोंबत होती, ज्ञानूची लोंबत होती तशीच.

धोंडाबाईने कापणाऱ्याच्या हातातला कोयता हिसकला, भिमाच्या कमरेत लाथ घालून त्याला दूर उडवलं आणि धावत्या पट्ट्याच्या सांध्यावर घाव घातला. पट्टा तुटला आणि आसुडासारखा फिरला. तो शेटच्या तोंडावर बसला. दात सांडले, जबडा वाकडा झाला. उरलेलं टोक कौलांत घुसून चार कौलं खाली घेऊन आलं.

खटला उभा राहिला. यावेळी कचेरी जागी होती. फिर्यादी स्वतः शेट आणि पट्टा त्यांच्याच तोंडावर बसलेला, त्यामुळे न्यायाधीशांना पट्ट्याबद्दल विचारावंच लागलं.

"पट्टा झाकलेला होता?"

शेट वाकड्या जबड्याने म्हणाले, "साहेब, बोकड दिला होता."

"मी फळ्या विचारतोय."

धोंडाबाईला कैद झाली. शेटला फळ्या ठोकायचा हुकूम झाला आणि ज्ञानूचा झोपलेला दावाही त्याच तडाख्यात निकालात निघाला. भरपाई शेटनी दिली. देताना ते काय म्हणाले ते त्यांच्या जबड्यामुळे कुणाला समजलं नाही.

कैदेतून सुटून आली त्या दिवशी धोंडाबाई घरी जायच्या आधी गिरणीत गेली. भिमाने तेल घालायला एक फळी काढली होती, ती परत लावली नव्हती. तिने त्याच्या कानाखाली असा आवाज काढला, की बायकांच्या हातातली सुपं थांबली.

भिमा पुढे म्हातारा होईपर्यंत त्याच गिरणीत होता. त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे, डाव्या कानाने ऐकू येत नसे. कुणी कानाचं विचारलं तर तो दोन्ही हात पुढे करून दाखवायचा, बोटं उघडून, मिटून.