खुर्च्या लग्नाला गेल्या त्या दिवशीची सभा

मला दूध संस्थेच्या संचालक मंडळावर घेतलं ते माझा नवरा मेला म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. वरून कागद आला होता की मंडळावर बाया पाहिजेत. सभासद असल्याशिवाय संचालक होता येत नाही, आणि सभासद म्हणजे ज्याच्या नावाने दुधाचं कार्ड तो. आमच्या गावात धार बायाच काढत, दूध संस्थेत बायाच नेत, पण कार्डं नवऱ्यांच्या आणि सासऱ्यांच्या नावाने होती. माझं कार्ड तेवढं माझ्या नावाने झालं होतं, कारण त्यावर ज्याचं नाव होतं तो उरला नव्हता.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. गाव सानगडीच्या बाजूचं, धानाचं. दूध हा वरचा धंदा.

पहिली दोन वर्षं मी सभेला गेलेच नाही. सभा झाली की सेक्रेटरी रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी सही करायची, तो चहा पिऊन जायचा. एकदा सही करायच्या आधी मी पान वाचलं. चौथीपर्यंत शिकले होते, वाचता येत होतं. त्यात लिहिलं होतं की अमुक ठरावाला मी अनुमोदन दिलं. त्या दिवशी मी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवण्याला होते, गुडघाभर चिखलात.

पुढच्या सभेला मी गेले. सेक्रेटरी दारातच म्हणाला, "काकू, तुमी काहून आल्या? रजिस्टर पाठवतच होतो ना घरी."

"अनुमोदन द्याले आलो," मी म्हटलं. "मागच्या वेळी देऊन गेलो म्हणते, मले मालूम नाही."

दोघं-तिघं हसले. अध्यक्ष हसला नाही. मला एक खुर्ची दिली. तेव्हापासून मी जायला लागले. हिंमत केली असं काही नव्हतं. नवरा गेल्यापासून मला भीती कमी वाटायची, तशी बाकीही काही गोष्टी कमी वाटायच्या.

पुढे निवडणूक आली. दोनदा अध्यक्ष राहिलेल्याला तिसऱ्यांदा होता येत नव्हतं. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, बाई अध्यक्ष करा, संस्थेचे कागद वर लवकर सरकतील. मला कोणी विचारलं नाही. मी वाचून सही करते हे सगळ्यांना माहीत झालं होतं. जुन्या अध्यक्षाने आपल्या लहान भावाच्या बायकोचं नाव सुचवलं. एका दिवसात तिच्या नावाने कार्ड करून तिला सभासद केलं, मंडळावर घेतलं. त्याचा हिशोब सरळ होता. घर एकत्र होतं, रजिस्टर घरच्या घरीच राहणार.

मीही तिच्याच बाजूने हात वर केला. माझं कारण वेगळं होतं. ती सातवी शिकलेली होती आणि तिच्याइतकं दूध गावात कोणाला कळत नव्हतं. संकलनाला रांगेत उभी असली तर दुसरीच्या बरणीत नुसतं पाहून सांगायची, या म्हशीला सरकी बंद केली का म्हणून. कोणाची म्हैस कधी विणार, कोणाची आटणार, पुढच्या महिन्यात दूध किती कमी पडणार, हे तिच्या डोक्यात असायचं. ते सेक्रेटरीच्या कागदातही नव्हतं. अशी बाई वर बसली तर संस्था चालेल, असं मला वाटलं. तिला मी काही बोलले नाही. बोलायची गरज वाटली नाही.

बिनविरोध झाली.

पहिल्या सभेला ती आली आणि दारात उभी राहिली. डोईवरून पदर कपाळापर्यंत. आत टेबलामागे अध्यक्षाची खुर्ची रिकामी, आणि समोरच्या खुर्च्यांवर मला धरून आठ संचालक. त्यात जुना अध्यक्ष. तिचा भासरा. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. सून भासऱ्यासमोर खाटेवर, खुर्चीवर, उंचावर बसत नाही. त्याच्याशी तोंडाने बोलत नाही. तो घरात येताना बाहेरूनच खोकतो आणि बाया पदर सावरून आडोशाला होतात. हे सगळं मला माहीत होतं. मीही केलं होतं. पण माझा भासरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, ज्याच्यासमोर उठावं असा माणूस माझ्या घरात राहिला नव्हता. म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. एवढी चूक झाली.

सेक्रेटरी म्हणाला, "बसा ना बाई, सभा सुरू कराची आहे."

ती हलली नाही. भासरा खिडकीबाहेर पाहत राहिला. तो उठून बाहेर गेला असता तर ती बसली असती. तो उठला नाही. शेवटी सेक्रेटरीने तिला गैरहजर लिहिलं आणि भासऱ्यालाच सभा चालवायला सांगितलं.

मी म्हटलं, "गैरहजर कशी? हे उभी तर आहे."

"दारात आहे, काकू. दार सभेत मोडत नाही."

दुसऱ्या महिन्यात तेच झालं. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिलं की पद जातं, असा नियम होता. मग अध्यक्ष कोण ते नव्याने ठरणार, आणि तोपर्यंत सभा भासराच चालवणार. सेक्रेटरी म्हणालाही, "आता एकच राहिली."

मी तिच्याकडे गेले नाही. खुर्च्यांकडे गेले. संस्थेच्या बारा लोखंडी खुर्च्या होत्या आणि गावात लग्न असलं की त्या मागून न्यायची पद्धत होती. माझ्या चुलत भावाच्या घरचं लग्न सानगडीला होतं. मी त्याला निरोप पाठवला, खुर्च्या पाहिजे तर सभेच्या दिवशी सकाळीच बैलबंडी पाठव. सेक्रेटरीने नेहमीसारखी सही घेऊन खुर्च्या दिल्या. सभेची आठवण त्याला बंडी गावाबाहेर गेल्यावर आली.

दुपारी संचालक आले तेव्हा मी खोली झाडून सतरंजी घातली होती.

"खुर्च्या कुठं गेल्या?" भासऱ्याने विचारलं.

"लग्नाले गेल्या, भाऊ," मी म्हटलं. "वऱ्हाडी बसून राहिले त्याईच्यावर."

"टेबल तरी आहे का तेही गेलं नवरीसंगं?" एक जण म्हणाला.

सगळे मांडी घालून बसले. ती आली, दारात थांबली, खोलीत पाहिलं. मग आत येऊन भिंतीकडे अर्धी पाठ करून खाली बसली. खाली बसायला हरकत नव्हती. मी सेक्रेटरीला म्हटलं, "लिही हजर." त्याने भासऱ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

तिच्यासमोर आलेला विषय मीच मागच्या महिन्यात घातला होता. जी धार काढते तिच्या नावाने कार्ड करायचं. भासरा म्हणाला, "बाई, तिले सांगा, हा विषय पुढच्या सभेत घेऊ."

ती पदराआडून म्हणाली, "काकू, त्याईले सांगा, विषयपत्रिकेत आहे तर आजच घ्या लागते."

मी दोघांच्या मध्ये बसले होते. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, तरी मी दोन्हीकडे सांगत होते.

"तिले सांगा, घराघरात भांडणं लागतील."

"त्याईले सांगा, भांडणं आताही आहेतच. संस्थेत येत नाहीत एवढंच."

एक जण हसला आणि भासऱ्याने पाहिल्यावर गप्प झाला.

हात वर झाले. मी आणि आणखी तिघं ठरावाच्या बाजूने. त्या तिघांना बायांशी काही देणंघेणं नव्हतं, ते भासऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला विरोध करायचे. भासरा धरून चौघं विरोधात. राहिली ती.

सेक्रेटरी पेन धरून थांबला. भासरा खोकला. घरात शिरताना खोकतात तसाच. तिने पदर आणखी खाली ओढला, हात आपोआप गेला. आता झालं, असं मला वाटलं. मी रजिस्टरकडे पाहत बसले. मग तोच हात पदरावरून सुटून वर गेला. कोपरात वाकलेला होता, पण वर होता.

"काकू," ती म्हणाली, "त्याईले सांगा, ठराव पास."

सांगायची गरज नव्हती. मी सांगितलं.

भासरा सेक्रेटरीला म्हणाला, "लिहा." चपला घालून निघून गेला.

पंधरा दिवसांत त्यांची चूल वेगळी झाली. वाटणीत तिला आणि तिच्या नवऱ्याला मागची पडवी मिळाली, थोडं धान मिळालं, बांध्या मिळाल्या. दोन्ही म्हशी भासऱ्याकडे गेल्या. कारण त्या घराच्या पैशातून घेतल्या होत्या, आणि घर म्हणजे तो. तिच्याजवळ दुभतं जनावर राहिलं नाही. संस्थेचा आणखी एक नियम होता, ठरावीक दिवस दूध घातलं नाही तर सभासदत्व जातं. बायांच्या नावाने कार्डं निघायला लागली होती आणि ज्या बाईने ती काढायला लावली तिच्या कार्डावर रेघ मारायची वेळ आली होती. तिचा नवरा मला रस्त्यात म्हणाला, "तुमाले काय, तुमचं एकटीचं घर." खरं होतं.

माझ्याकडे दोन म्हशी होत्या. त्यातली लहान म्हैस तिला निम्म्या वाट्याने द्यावी असं ठरवून मी तिच्या पडवीत गेले. ती तांदूळ पाखडत होती.

"म्हैस घेऊन जाय माझी," मी म्हटलं. "दूध तुझ्या कार्डावर घाल. अध्यक्षपण राहील."

ती सूप थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. पदर मागे होता. तिचा पूर्ण चेहरा मी जवळून बहुतेक पहिल्यांदाच पाहिला.

"मले हे पाहिजे का नाही, आजवर कोणं विचारलं?" ती म्हणाली. "भासऱ्यानं नाव देलं, तुमी हात वर केला. खुर्च्याही तुमीच पाठवल्या. मले सभेत आल्यावर मालूम पडलं."

मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर आता आठवत नाही. ती म्हणाली ते बरोबर होतं.

"आता विचारतो," मी म्हटलं. "पाहिजे का?"

तिने तांदळातले दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले.

"पाहिजे," ती म्हणाली. "पण फुकटात नाही, न् उपकारावरही नाही. चारा माझा. पहिलं रेडकू तुमचं, दुसरं माझं. म्हैस मेली तर तोटा दोघींचा. आन् म्हैस माझ्या दाराशी आहे म्हणून सभेत माझा हात तुमच्या बाजूनं नाही येणार. हे बी लिहा."

"ते कायले लिहा लागते?"

"तुमी वाचून सही करता ना? मंग लिहा."

मी घरी जाऊन कागद आणला. तिने सांगितलं तसं लिहिलं. दोघींनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस न्यायला ती एकटीच आली. म्हैस आपला गोठा सोडायला तयार नव्हती. ती पुढून दोर ओढत होती, मी मागून ढकलत होते. वाट भासऱ्याच्या अंगणासमोरूनच होती आणि तो बाहेर खाटेवर बसला होता. तिने एका हाताने पदर पुढे घेतला. दुसऱ्या हाताने दोर ओढत राहिली.