दुसऱ्या आवाजाचा वर्ग

मालवणच्या त्या कॉलेजात यंदा निवडीच्या विषयांची यादी लागली, तेव्हा फलकासमोर जत्रेसारखी गर्दी झाली. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येकाने मुख्य अभ्यासाबाहेरचा दोन क्रेडिटचा एक वर्ग घ्यायचा होता, आणि तो गावातल्याच जाणत्या माणसाने शिकवायचा होता. खारफुटीची झाडं ओळखणं, होडीची डागडुजी, देवळातलं गाऱ्हाणं म्हणणं, आणि सगळ्यात खाली लादीन.

लादीन म्हणजे ख्रिस्ती वाड्यांवर क्रुसासमोर गायची प्रार्थना. शब्द लॅटिन, साथीला व्हायोलिन, आणि गाणं दोन आवाजांत. पहिला आवाज चाल धरतो, दुसरा त्याच्या थोडा खालून चालतो.

"ह्या घेवया रे," तोंडवलीचा केयूर मित्रांना म्हणाला. "पेपर नाय, फक्त म्हणूचा."

त्याच्या या एका वाक्यावर पंधराएक मुलं वर्गाला आली. त्यात ख्रिस्ती एकही नव्हतं. कॉलेजात होती ती दोन-तीन ख्रिस्ती मुलं, लहानपणापासून चर्चमध्ये गाऊन कंटाळलेली. त्यांनी गाऱ्हाण्याचा वर्ग घेतला.

लादीन शिकवायला आली क्लेमेंटिना लुद्रिक. वय साठीच्या पुढे. आयुष्यभर तिने शाळांचे गणवेश शिवले होते, आणि वर्गात उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. कॉलेजच्या शर्मिष्ठा मॅडम तिला विचारायला वाडीवर गेल्या, तेव्हा ती मशीनवरून न उठताच नको म्हणाली होती. मग त्या पायऱ्या उतरत असताना तिने मागून हाक मारली. "एक अट आसा. परीक्षा कॉलेजात नको. आमच्या क्रुसाकडे घेवा, उन्हाळ्यात क्रुसाचो सण आसता त्या दिवशी."

मॅडमना ही अट गमतीची वाटली. क्लेमेंटिनाला ती गंमत वाटत नव्हती. तीन वर्षं तिच्या वाडीच्या क्रुसासमोर लादीन गायली गेली नव्हती.

तिचे वडील वाडीचे मेस्त. म्हणजे व्हायोलिन वाजवणारे आणि गाणं बसवणारे. त्यांनी दोन मुलींत आवाज वाटून दिले. थोरल्या मर्लिनला पहिला, धाकट्या क्लेमेंटिनाला दुसरा. मुली तेव्हा इतक्या लहान होत्या की क्रुसाच्या कठड्यावर त्यांची हनुवटी पोचत नव्हती. पण वाटणी झाली ती झाली. मर्लिनचं लग्न शेजारच्याच घरात झालं. क्लेमेंटिनाचं जमता जमता राहिलं, आणि मग त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. दोघी रोज संध्याकाळी एकमेकींच्या ओट्यावर बसत, आणि दर उन्हाळ्यात क्रुसासमोर शेजारी शेजारी उभ्या राहून गात, मर्लिन उजवीकडे, अर्धं पाऊल पुढे.

बाकीची घरं हळूहळू मिटत गेली. कोणी गोव्याला, कोणी आखातात. एका घराचं पर्यटकांसाठी होमस्टे झालं. तीन वर्षांपूर्वी मर्लिनही विलायतेत मुलीकडे गेली, नातवाला सांभाळायला, सहा महिन्यांसाठी म्हणून. नंतर दुसरा नातू झाला.

ती गेल्यापासून सणाला लादीन नुसती म्हटली जाई. पाद्री वाचत, तिघी-चौघी म्हाताऱ्या उत्तर देत. गेल्या वर्षी होमस्टेमधला एक पर्यटक हातात टॉवेल घेऊन येऊन विचारून गेला होता, ग्रामपंचायतीची मीटिंग आहे का म्हणून.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी असे. क्लेमेंटिना इस्त्रीचा झगा घालून एस.टी.ने येई. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर देवनागरीत लॅटिन शब्द लिहिले आणि मुलं हसली. ती पण हसली.

"टीचर, ह्या 'ओरा प्रो नोबिस' म्हणजे काय?" सलोनीने विचारलं.

"आमच्यासाठी विनंती कर. मेरी मायेक सांगतत."

"म्हणजे आमचा 'होय महाराजा'," केयूर म्हणाला. तो भजनात गाणारा. "एकान बोलूचा, सगळ्यांनी उत्तर देवचा."

"तसाच समज. पण देवाक बोलयतंस तसा म्हण. एस.टी. थांबयल्यासारखी बोंब नको."

मुलं शिकत गेली. आधी ओळी, मग श्वास कुठे घ्यायचा ते, मग शेवटचा स्वर हळूहळू कसा सोडायचा ते. केयूर भजनाच्या सवयीने मध्येच मुरक्या घेई. क्लेमेंटिना त्याला म्हणे, "रे, ही वेणी घालूची जागा नाय." होळीपर्यंत वर्ग असा गाऊ लागला की पलीकडच्या खोलीत होडीची डागडुजी शिकणारी मुलं दाराशी येऊन उभी राहत. क्लेमेंटिना डोळे मिटून ऐके. तीन वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी गेल्यावर हे कोणाला सांगायचं, एवढाच प्रश्न असे. मशीनला सांगता येत नाही. मर्लिनचा फोन येई तेव्हा मागे नातू रडत असे.

सणाला आठवडा राहिला, तेव्हा साथीला फ्रेडी आला. तो क्लेमेंटिनाच्या वडिलांच्या हाताखाली व्हायोलिन शिकलेला. आता एका डोळ्याने कमी दिसत असे. त्याने हनुवटीखाली रुमाल ठेवला, व्हायोलिन टेकवलं आणि चाल सुरू केली. मुलांनी गायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर केयूर थांबला.

"अंकल, तुमचो सूर वेगळोच जाता."

"माजो?" फ्रेडी म्हणाला. "पन्नास वर्सां वाजयतंय, आज वेगळो गेलो?"

"आमका टीचरनी असा नाय शिकवला."

फ्रेडीने गज खाली घेतला. "परत म्हणा बघू. मी वाजवणंय नाय."

मुलं गायली, अगदी चोख. फ्रेडीने डोकं एका बाजूला कलवून सगळं ऐकलं, आणि मग तो इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली.

"क्लेमेंटिना, तू ह्यांका सगळ्यांका दुसरोच आवाज शिकयलंस मगे. पयलो खंय आसा?"

क्लेमेंटिना फळ्याकडे बघत राहिली. पहिला आवाज होता की. तिला तो प्रत्येक वर्गात ऐकू आला होता. मुलं गाऊ लागली की त्यांच्या वर, उजव्या बाजूने, मर्लिनचा आवाज तिच्या डोक्यात आपोआप सुरू होई. इतका नेमका, की तो खोलीत दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलांना बिचाऱ्यांना दुसरी चाल माहीतच नव्हती. जे शिकवलं तेच गाणं, असं ते समजले.

"आता आठ दिवसांत आम्ही नवीन शिकूचो?" सलोनी म्हणाली. "जुन्यातच मिसळात सगळा."

फ्रेडीने मुलांना मर्लिनबद्दल सांगितलं, आणि तोड केयूरने काढली. मर्लिन आंटींकडून पहिला आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचा, आणि क्रुसाजवळ स्पीकरवर लावायचा. मुलांना हे पटलं. फ्रेडीला पटलं नाही; तो व्हायोलिन पेटीत ठेवू लागला.

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटिनाने ओट्यावर बसून व्हिडिओ कॉल लावला. मर्लिन एका बागेत बाकावर होती, अंगात जाड कोट, शेजारी बाबागाडी.

"एप्रिलात कोट?" क्लेमेंटिनाने विचारलं.

"हयसर एप्रिल येणाच नाय गो, क्लेमू. काय म्हणूया?"

"पयलो आवाज. सुरवातीपासून."

मर्लिनने घसा साफ केला आणि सुरू केलं. तिचा आवाज पातळ झाला होता, तरी तोच होता. तिसऱ्या ओळीवर ती अडली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच अडली.

"पुढे कसा गो जाता? तू म्हण बघू तुजा, म्हणजे माका आठवात."

क्लेमेंटिनाने दुसरा आवाज धरला. मर्लिनने तो ऐकून पहिला लावला. पण इथला आवाज तिथे पोचून तिचा परत येईपर्यंत क्लेमेंटिना पुढच्या शब्दावर गेलेली असे. ती थांबली की मर्लिन थांबे. मर्लिनने घाई केली की ही मागे पडे. दोघी एकमेकींसाठी थांबत राहिल्या. शेवटी मर्लिन हसली आणि कोटाच्या बाहीने तिने डोळे पुसले.

"विसारलंय गो मी. हयसर कोणासमोर म्हणूचा?"

फोन ठेवल्यावर क्लेमेंटिना फ्रेडीच्या घरी गेली. तो माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

"तिका येणा नाय," ती म्हणाली.

"तर तूच म्हण."

"तो माजो आवाज नाय."

"मगे औंदाही वाचून घेवया. पर्यटक इलो तर मीटिंग आसा म्हणून सांगूया," फ्रेडी म्हणाला आणि दात कोरत बसला.

पुढचे सगळे दिवस ती मशीनचं पायडल मारता मारता पहिला आवाज म्हणत राहिली. चाल तिला पाठ होती. अडचण गळ्याची होती. ओळ वर चढली की गळा जुन्या सवयीने खाली उतरे, जशी बाई न बघता आपल्याच घराच्या पायरीकडे वळते. ती परत सुरू करी. होमस्टेच्या ओट्यावरची माणसं मान वळवून बघत, आणि ती खिडकी लावून घेई.

सणाच्या दिवशी मुलं टेम्पोतून आली. मुलांना मालवणहून गावी जायची सहाची एस.टी. गाठायची म्हणून लादीन ऊन असतानाच लावली होती. सलोनीने क्रुसाला झेंडूच्या माळा घातल्या. म्हाताऱ्या बाकावर बसल्या, शर्मिष्ठा मॅडम गुणांचा कागद घेऊन मागे उभ्या राहिल्या. फ्रेडीने गज उचलला आणि क्लेमेंटिनाकडे बघितलं.

ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने सुरुवात केली.

पहिली ओळ कापरी गेली. दुसऱ्या ओळीला मुलं मागून आली, एवढी सगळी, भरदार, आणि तिच्या आवाजाखाली जमीन आली. तिसऱ्या ओळीवर मर्लिन अडली होती. क्लेमेंटिना तिथून पार गेली. बाकावरची एक म्हातारी रडू लागली, आणि दुसरी तिला उत्तर म्हणायची आठवण करून देऊ लागली.

अर्ध्या वाटेवर क्लेमेंटिनाच्या ध्यानात आलं की उजवी बाजू रिकामी आहे. डोक्यातला मर्लिनचा आवाज थांबला होता. तिने गाता गाताच त्याची वाट बघितली. तो आला नाही. जी चाल तो धरत असे ती आता तिच्याच गळ्यातून जात होती, आणि त्याला जागा उरली नव्हती. समोर क्रूस होता, चुन्याने नवा रंगवलेला. मागे मुलं गात होती, पण तिला ती दिसत नव्हती. पहिल्या आवाजाला मागे बघता येत नाही. मर्लिन इतकी वर्षं अशी उभी होती तर, असं तिच्या मनात आलं. आपल्याला निदान तिचा खांदा दिसायचा.

लादीन पूर्ण झाली. उकडलेले चणे वाटले, मोठ्या माणसांना रिवाजाप्रमाणे दारूचा एकेक पेला. मॅडमनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. केयूर चणे खात म्हणाला, "टीचर, पुढच्या वर्साक मी पयलो शिकतंय," आणि सलोनी म्हणाली, "तू शिकलंस तर देव उठान जायत." हसत हसत मुलं टेम्पोत चढली. फ्रेडीने आपला पेला संपवला आणि तोही गेला.

क्लेमेंटिना कठड्यावरचं मेण खरवडत होती, तेव्हा मर्लिनचा फोन आला.

"झाली गो?"

"झाली. बरी झाली."

"पयलो कोणी म्हटलो?"

"मी."

मर्लिन म्हणाली, "बरा केलंस." मग म्हणाली, "वर जाता मगे आवाज?"

"जाता. तू कधी येतंस?"

"थांब गो, बारको उठलो. मी मागसून करतंय."

क्लेमेंटिनाने फोन बाकावर ठेवला. वाऱ्याने विझलेल्या मेणबत्त्या तिने पुन्हा लावल्या आणि तिथेच बसून राहिली. पाठीमागे होमस्टेमध्ये कोणीतरी गाडीतलं सामान उतरवत होतं. तिने हलक्या आवाजात, सवयीचा, आपला दुसरा आवाज धरला, आणि दोन ओळी म्हणून बघितल्या. मग ती थांबली आणि उजव्या बाजूला कान देऊन ऐकत राहिली.