पत्र्यावरचा कावळा

हसणार नसाल तरच सांगते. माझं एमएस्सी एका प्लास्टिकच्या कावळ्याने धोक्यात आणलं, आणि तो कावळा मीच विकत आणला होता!

मला शिकायला पुण्याला जायचं होतं. आत्याला मात्र मला चिखलीच्या स्थळाकडे पाठवायचं होतं. त्यातच मळ्यातला मका भरला आणि कावळे कणसं सोलायला लागले. बाबांकडे पीक राखायची परवान्याची बंदूक, पण ती काही भिंतीवरून खाली येईना.

"खाऊ दे वं, पितराचे दिवस हायेत," बाबा म्हणाले.

मी थोडीच ऐकते? गुपचूप खामगाव गाठलं आणि बंदुकीच्या दुकानात शिरले.

"काका, कावळ्यासाठी कोणतं काडतूस? आठ नंबरचे छर्रे मोठे का चारचे?"

"चारचे. नंबर वाढला का छर्रा बारीक."

उलटं? असं का? एका काडतुसात किती मावतात? लांब किती जातात? खांद्याला धक्का केवढा बसतो? म्हाताऱ्या दुकानदारांनी सगळं निवांत सांगितलं आणि मग म्हणाले, "पन तुले एकबी भेटनार नाही. लायसन बाबाचं हाये ना? आन् कावळा मारनं गुन्हा हाये, बाई."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

तेवढ्यात फळीवर धूळ खात बसलेला प्लास्टिकचा कावळा दिसला. मेलेला कावळा टांगला की बाकीचे फिरकत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मग हा काय वाईट?

"हा द्या!"

"आवं, पह्यले ऐक तं! हा शिकारी लोकं..."

"समजलं हो, काका!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर तारेने बांधला. दुपारपर्यंत एकही कावळा नाही! मी खुशीत. आणि मग आठवलं, आज आजोबांचं श्राद्ध!

बाबांनी खालूनच पत्र्याच्या कडेला घास ठेवला. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नाही. बाबांना आणि आत्याला, दोघांनाही लांबचं धड दिसत नाही. आत्याने हात जोडले.

"आबा आले वं! पन तोंड लावून नाही राह्यले. काऊन रुसले, आबा?"

मी कोणत्या तोंडाने सांगणार?

"घराले रंग देतो, आबा," बाबा म्हणाले. कावळा ढिम्म.

"मी भावाशी भांडनार नाही," आत्या म्हणाली. तरी ढिम्म. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "आबा, हिचं एमएस्सी-फिमएस्सी राहू द्या. उन्हाळ्यात चिखलीच्या पोराशी हिचं लगन लावून देतो!"

काव! एक, दोन, आठ कावळे माझ्या कावळ्याशेजारी उतरले आणि घास फस्त! बाबांनी डोळे पुसले.

मी घरामागे जाऊन दुकानात फोन लावला.

"काका, तुमच्या कावळ्याने कावळे पळत नाहीत, उलट येतात!"

"तेच तं सांगून राह्यलो होतो, पोरी. शिकारी लोकं घासाशेजारी ठेवतात त्याले, कावळे बोलवाले. आले का मंग?"

"आले ना, काका. आता उन्हाळ्यात तुम्हीबी या, जेवाले."